बटणाची अवस्था कोणी ठरवावी?



डेस्कटॉप प्रोग्रामच्या पडद्यावरील बटण, चौकट किंवा यादी यांना कंट्रोल म्हणतात, आणि ते कंट्रोल चालू आहे की बंद, दिसते आहे की लपलेले, त्यावर खूण आहे की नाही, या सर्वांना मिळून त्याची अवस्था म्हटले जाते. ही अवस्था प्रोग्रामरने वेळोवेळी हाताने बदलावी, की प्रोग्राममधील माहितीतून ती आपोआप निघावी, हा प्रश्न किरकोळ वाटला, तरी काटा, गोदाम आणि हिशेब यांसाठी लिहिलेल्या प्रोग्राममधील बऱ्याच चिवट चुका नेमक्या याच जागी दडलेल्या असतात.

ओळखीचे उदाहरण कापूस खरेदीचे आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के आर्द्रतेपर्यंत पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान त्या प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांपुढील माल घेतला जात नाही. अशा खरेदीसाठी एखादा पडदा तयार केला आणि त्यावर शेतकऱ्याची नोंदणी, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, आर्द्रता व ‘पावती काढा’ हे बटण ठेवले, तर जुन्या पद्धतीत प्रत्येक चौकट बदलताच बटण चालू-बंद करणारी ओळ त्या त्या चौकटीमागे लिहावी लागते. पुढे जुनी नोंद उघडण्याची किंवा नोंद रद्द करण्याची सोय वाढली की तीच ओळ तेथेही लागते, आणि त्यांपैकी एखादी राहून गेली, तर १३ टक्क्यांच्या कापसाची पावती बिनबोभाट निघते.

बाइंडिंगमध्ये, म्हणजे कंट्रोल माहितीला जोडण्याच्या पद्धतीत, हा क्रम उलटतो. पावती निघू शकते की नाही, हे चारही नोंदींवरून ठरवणारा एकच गुणधर्म माहितीच्या बाजूला लिहिला जातो, बटणाचे चालू असणे त्याला जोडले जाते, आणि नोंद बदलली की माहितीच पडद्याला वर्दी देते. माहिती आणि पडदा वेगळे ठेवण्याचा विचार ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडला. १९९३ च्या व्हिज्युअल बेसिक ३ मध्ये चौकटी थेट डेटाबेसला जोडता येऊ लागल्या, आणि २००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या पडदे बांधण्याच्या साधनाने बाइंडिंग हाच पडदा बांधण्याचा पाया केला. नियम बदलतात तेव्हा या मांडणीचे मोल कळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोयाबीन खरेदीची आर्द्रता-मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. ज्या प्रोग्राममध्ये असा आकडा एकाच जागी असतो, तेथे बदल एका ओळीचा, आणि जेथे तो बटणांमागे विखुरलेला असतो, तेथे शोधाशोध.

तथापि बाइंडिंग केले म्हणजे काम संपले, हा समज महागात पडतो. डब्ल्यूपीएफमध्ये चौकटीतील मजकूर, वेगळे सांगितले नाही तर, कर्सर चौकटीबाहेर गेल्यावरच माहितीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे कारकून शेवटच्या चौकटीत आर्द्रता भरून बटणावर क्लिक करतो, बंद बटण कर्सर स्वतःकडे घेत नाही, आणि टॅब दाबेपर्यंत सारे जिथल्या तिथे राहते. त्याहून धोक्याची गोष्ट देवनागरी अंकांची आहे. डब्ल्यूपीएफ ज्यावर चालते त्या डॉटनेटची अंक वाचण्याची नेहमीची सोय देवनागरी अंक स्वीकारत नाही. आधी इंग्रजी अंकांत १० भरले असेल आणि नंतर कारकुनाने मराठी कीबोर्डवरून १३ टंकले, तर चौकटीला लाल कड येते खरी, पण मागची माहिती १० वरच राहते, आणि बटण त्या शिळ्या आकड्याच्या भरवशावर चालूच राहते. येथे चौकट आणि माहिती यांच्यामध्ये रूपांतरक, म्हणजे एका रूपातील मूल्य दुसऱ्या रूपात नेणारा छोटा कोड, लिहावाच लागतो. मराठी पडदे बनवून मराठी अंक नाकारणे हे तसेही शोभणारे नाही. शिवाय जोडलेल्या गुणधर्माचे नाव चुकले तर प्रोग्राम बंद पडत नाही, फक्त प्रोग्रामरच्या संदेशांच्या खिडकीत एक ओळ उमटते, आणि ती वाचण्याची सवय फारशी दिसत नाही.

सर्वच अवस्था माहितीला जोडाव्यात, असेही नाही. यादी कुठवर सरकवली आहे किंवा कर्सर कोणत्या चौकटीत आहे, या गोष्टी कंट्रोलच्या स्वतःच्या आहेत आणि त्यांना माहितीत ओढल्याने कोड नुसता फुगतो. उलट जी अवस्था नियमातून येते, तिचे कारणही त्याच नियमातून यायला हवे, आणि त्यासाठी ‘होय-नाही’ देणाऱ्या गुणधर्मापेक्षा ‘अडचण’ हा मजकुराचा गुणधर्म ठेवणे अधिक सोयीचे ठरते: तो रिकामा असेल तर बटण चालू, आणि त्यात ‘आर्द्रता १२.४, मर्यादा १२’ असे असेल तर बटण बंद व तीच ओळ बटणाशेजारी, म्हणजे काट्यावर उभ्या शेतकऱ्याला कारकुनाकडून ‘बटणच लागत नाही’ एवढेच उत्तर मिळत नाही.