घर, वारा आणि हिम



घर कोठे असावे, हा प्रश्न जुन्या पिढीला फारसा पडलाच नाही. जेथे वतन, जेथे नोकरी किंवा जेथे चार नातलग, तेथे घर. विहिरीचे पाणी गोडे आहे ना, मुलांची शाळा चालत जाण्याजोगी आहे ना आणि अडीअडचणीला वैद्य मिळतो ना, एवढे पाहिले म्हणजे विचार पुरा होई. खेळ हा त्या विचारात कोठेच नसे. घर ठरले की खेळ त्याच्या अंगणात मावेल तेवढा, असा तो हिशेब होता.

२०२० सालच्या महामारीनंतर हा हिशेब उलटा मांडणारा एक वर्ग शहरांतून दिसू लागला आहे. ज्यांचे काम संगणकावर चालते, त्यांपैकी पुष्कळांना ते कोठूनही करण्याची मुभा मिळाली. आणि मग त्यांनी असे विचारण्यास आरंभ केला की, काम जर कोठेही होते, तर जेथे आवडीचा खेळ आहे तेथेच जाऊन का राहू नये? प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. परंतु त्यात वृद्ध आईबाप, मुलांचे शिक्षण आणि आयुष्यभराची शिल्लक गुंतलेली असते. म्हणून त्याची थट्टा करणे सोपे असले, तरी त्याचा शांतपणे विचार करणे अधिक उपयोगाचे होय.

उदाहरणादाखल पुण्याच्या कोथरूड भागातील एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. चाळिशीच्या आतला मुलगा, नोकरी करणारी सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि सत्तरी ओलांडलेली आई. या मुलाला दोन खेळांचा नाद लागलेला आहे. पहिला काइटबोर्डिंगचा. यात एक प्रचंड पतंग, म्हणजे आपली जुनी वावडीच म्हणा ना, कमरेच्या पट्ट्याला जोडतात आणि पाय फळीवर रोवून तिच्या ओढीने पाण्यावरून धावतात. दुसरा स्कीइंगचा. यात पायांना लांब अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जावयाचे. एका खेळाला हवा समुद्र आणि वारा. दुसऱ्याला हवा पर्वत आणि हिम. पुण्यास यांपैकी एकही नाही. तेव्हा कोथरूडची जागा विकून कोठे बिऱ्हाड करावे, असा त्याचा विचार चालला आहे.

पृथ्वीवर अशी ठिकाणे नाहीत असे नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन संस्थानात हूड रिव्हर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे कोलंबिया नदीने पर्वतरांग कापून खोल दरी केली आहे. उन्हाळ्यात रांगेच्या पलीकडची भूमी तापते, तेथील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची थंड हवा त्या अरुंद दरीतून वेगाने आत घुसते. नदीवर वावडी उडविण्यास याहून चांगला वारा कोणता? आणि मागे वळून पाहावे तो माउंट हूडचे हिमशिखर उभे. कॅनडातील स्क्वॉमिश गावाचीही गोष्ट अशीच; खाडीवरचा उन्हाळी वारा दाराशी आणि व्हिस्लरचे हिमाचे उतार मोटारीच्या थोड्या वाटेवर. स्वित्झर्लंडमध्ये सिल्वाप्लाना सरोवरावर उन्हाळी दुपारी मालोया नावाचा वारा नेमाने वाहतो आणि हिवाळ्यात भोवतालचे डोंगर हिमाने झाकून जातात.

हिंदुस्थानात मात्र निसर्गाने ही दोन वरदाने एका पदरात घातलेली नाहीत. येथे समुद्र दक्षिणेस आणि हिम उत्तरेस. मध्ये फार मोठे अंतर. हिमासाठी काश्मिरातील गुलमर्ग, हिमाचल प्रदेशातील मनालीजवळचे सोलंग, उत्तराखंडातील औली, अशी मोजकी ठिकाणे. वाऱ्यासाठी गोव्याच्या उत्तरेकडील मोरजी-आश्वेचा किनारा आणि तामिळनाडूतील रामेश्वर. दोन्ही एकत्र मिळतील असा गाव नकाशावर भिंग लावून शोधला, तरी सापडणार नाही. म्हणजे मुलाला एकाच्या शेजारी राहून दुसऱ्याला अंतरावे लागणार, हे उघड आहे.

येथे आईने एक साधा प्रश्न विचारला असे समजावे. "अरे, गेल्या वर्षी तू या खेळांवर नेमके किती दिवस होतास?" मुलाने मोजले. बर्फावर सात, समुद्रावर नऊ. "म्हणजे सोळा. मग उरलेल्या तीनशे एकोणपन्नास दिवसांचे घर कोठे असावे, ते आधी ठरव ना!"

मुलाचे उत्तरही निरुत्तर करणारे आहे. तो म्हणेल, "आई, पुण्यात राहतो म्हणून सोळा दिवस. तिकडे राहिलो तर सोळाचे शंभर होतील." या उत्तरात तथ्य आहे आणि ते तपासून पाहिले पाहिजे, कारण बहुतेक स्थलांतरे याच एका आशेवर होतात.

प्रथम गोव्याचा विचार करू. तेथील पतंगाचा हंगाम साधारणपणे डिसेंबरपासून मेपर्यंतचा. सकाळी समुद्र शांत असतो. ऊन चढते, जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि मग दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. सूर्यास्ताच्या सुमारास तो पडतो. म्हणजे वाऱ्याची वेळ आणि कचेरीच्या कामाची वेळ एकच! किनाऱ्यावर घर केले म्हणून दुपारचे काम कोणी माफ करीत नाही. पावसाळ्यात वारा भरपूर असतो खरा. पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि त्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. शंभर दिवसांची आशा अशी वाटेतच निम्मी होते.

आता हिमाचे पाहू. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील दोरवाटेचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला, तेव्हापासून उंच उतारांवर जाणे सुलभ झाले. परंतु तेथील हंगाम डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत, जेमतेम तीन महिन्यांचा. आणि तोही आता भरवशाचा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी तेथील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले. हिमाचलात तर १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या ११८ व्या कलमान्वये बिगरशेतकऱ्यास सरकारी परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. पाहुणा म्हणून पाहिलेला डोंगर आणि रहिवासी म्हणून सोसावयाचा डोंगर यांत असे अंतर असते.

याउलट पुण्यात राहूनच पंचांग नीट मांडले तर काय होते? रामेश्वरला उन्हाळी वाऱ्याचा हंगाम एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालतो. गुलमर्गचा उत्तम काळ जानेवारी-फेब्रुवारी. म्हणजे हिवाळ्यातील रजा हिमाला आणि पावसाळ्यातील रजा दक्षिणेकडील वाऱ्याला, अशी वाटणी सुखाने होते. गोवा आणि गुलमर्ग यांचे हंगाम एकमेकांवर आदळतात. रामेश्वर आणि गुलमर्ग यांचे आदळत नाहीत. घर न हलविता केवळ रजा हलवून सोळाचे तीस दिवस होऊ शकतात. सामान्यतः असे म्हणता येईल की, जे वर्षातून एकदोनदा करावयाचे, ते दूर असले तरी चालते. जे रोज करावयाचे, ते मात्र चालण्याच्या टप्प्यात असावे.

आणि रोजचे म्हणाल, तर पुणे इतके कोरडे शहर नाही. खेळासाठी जागा निवडण्याची कल्पनाही पुणेकरांना नवी नाही. १८९७ च्या प्लेगने पेठांतील दाटी किती घातक आहे हे शिकविल्यावर लोकांची दृष्टी नदीपलीकडील मोकळ्या माळाकडे वळू लागली. १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली. तिच्या मैदानाभोवती पुढे वसाहत उभी राहिली आणि तिचेच नाव त्या भागास मिळाले. आधी क्रीडांगण आणि मग घरे, असा हा क्रम. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी हिंदी खेळाडूंचा चमू पाठविण्याची खटपट याच संस्थेच्या आश्रयाने झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवडीचे फळ दिसून येते.

पाण्याचा खेळ हवा, तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नौकाविहाराची परंपरा आहे. तेथील रेगाटा १९२८ पासूनचा. दत्तू भोकनळ यांचे उदाहरण तर या सर्व विवेचनाचा कळस आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातील दुष्काळी तळेगाव रोही हे त्यांचे गाव. २०१२ साली ते सैन्यात दाखल झाले, पुण्यात त्यांच्या हाती वल्हे आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकास्पर्धेत ते तेरावे आले. ज्याने विहिरी खणण्याची मजुरी केली, त्याला पाण्याने असे जवळ केले. खेळाचे पाणी घराच्या उंबऱ्याशीच असावे लागते, असे नाही. ते गाठून देणारी संस्था आणि शिस्त असावी लागते.

हिमाच्या बाबतीतही हेच. पुण्यात बर्फ पडत नाही. परंतु १९९८ साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे पहिले महाराष्ट्रीय सुरेंद्र चव्हाण हे पुण्याचेच. आणि २०१२ च्या मे महिन्यात गिरिप्रेमी या पुण्यातील संस्थेचे आठ गिर्यारोहक त्याच शिखरावर पोहोचले. २०१९ मध्ये याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनजंगा गाठले. यांच्या पायांत बळ आले ते सह्याद्रीच्या कडेकपारींत. सिंहगड पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरांवर, उंची ४,३०० फुटांच्या आसपास. जो दर रविवारी तो पायी चढतो, त्याचे गुडघे गुलमर्गच्या उतारावर सहसा दगा देत नाहीत. ज्याला वाऱ्याचीच ओढ आहे, त्याला लोणावळ्याच्या वाटेवरील कामशेतजवळ हवाई छत्रीने तरंगता येते; त्याचा हंगाम पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. जवळचे पाणी ओळखीचे वाटते म्हणून ते निर्धोक नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या ओढ्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. समुद्रावर वावडी घेऊन उतरणारा मनुष्य निदान शिक्षक, शिरस्त्राण आणि वाऱ्याचा अंदाज यांची चौकशी करतो. वर्षासहलीला जाणारा तेवढीही करीत नाही. खेळ दूरचा असो वा जवळचा, त्याची विद्या आधी शिकावी.

मग कोणी जाऊच नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचा खेळ हीच उपजीविका आहे, जो शिक्षक होऊ इच्छितो किंवा ज्याच्या मागे कोणाच्या औषधपाण्याची जबाबदारी नाही, त्याने अवश्य जावे. मात्र जाण्यापूर्वी जागा विकू नये. प्रथम भाड्याने राहावे आणि तेही हंगामात नव्हे. किनाऱ्यावर आषाढ काढावा, जेव्हा कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी चढते. डोंगरावर माघ काढावा, जेव्हा नळाचे पाणी गोठते आणि वाट बंद होते. मुलांची शाळा आणि रात्री दोन वाजता उघडे असणारे रुग्णालय किती दूर आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आणि ज्या गावी जावयाचे, त्या गावचे लोक आपल्या येण्याने जागेच्या भावाखाली चिरडले जाणार नाहीत ना, याचाही विचार करावा. मुळशी-मावळात हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

कोथरूडच्या त्या कुटुंबाने अखेर काय ठरविले असेल? बहुधा असे की, घर तेथेच ठेवावे. पाऊसकाळात पंधरा दिवस रामेश्वर, हिवाळ्यात पंधरा दिवस गुलमर्ग. आणि रोज पहाटे वेताळ टेकडी. नातीलाही बरोबर न्यावे. आईने टेकडीच्या पायथ्याशी बाकावर बसून दोघांची वाट पाहावी.

पण ती टेकडी राहिली पाहिजे! २०२३ साली वेताळ टेकडीवरील नियोजित रस्ता व बोगदे यांच्याविरुद्ध पुण्यातील नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, ते याच जाणिवेने. ज्या शहराच्या टेकड्या जातात, नदी नासते आणि मैदानांवर इमारती उठतात, त्या शहरातील तरुणांना दूरच्या हिमाची आणि वाऱ्याची स्वप्ने पडली, तर दोष त्यांचा नव्हे. खेळासाठी घर कोठे करावे, हा प्रश्न एकेका कुटुंबाने सोडवावयाचा खरा. परंतु घराजवळ खेळ कसा राखावा, हा प्रश्न सर्वांनी मिळून सोडवावयाचा आहे. दुसरा सुटला, तर पहिला फार थोड्यांना पडेल.