बिल कुणाच्या नावावर?



मी रॉटरडॅममध्ये समाजकार्य करते. तिथे गॅस आणि विजेचे पैसे दरमहा अंदाजाने आगाऊ भरतात. वर्षातून एकदा मीटर पाहून हिशेब होतो. वापर जास्त झाला तर उरलेली रक्कम एकदम भरायची. पाण्याचे बिल वेगळे.

२०२२ मध्ये दर एवढे भडकले की २०२३ पुरती सरकारला मर्यादा घालावी लागली : १२०० घनमीटरपर्यंत गॅस, घनमीटरला १.४५ युरो.

त्या हिवाळ्यात, महाराष्ट्रातून लग्न करून आलेली एक बाई माझ्याकडे आली. हीटर कमी ठेवून, मुलांना दोन-दोन स्वेटर घालून तिने काटकसर केली होती. पण करार नवऱ्याच्या नावावर, पत्रे डच भाषेत. तो घर सोडून गेला तेव्हा थकबाकी तिला कळली. काटकसर तिची, कागद त्याचा!

२०२१ पासून तिथे कायदा आहे : भाडे, गॅस-वीज, पाणी किंवा आरोग्यविमा थकला की नगरपालिकेला कळवले जाते आणि तिने मदत देऊ करायची असते. तसे पत्र या घरीही आले होते. नवऱ्याच्या नावाने. ते कुणी उघडलेच नव्हते.

आम्ही मीटरचा आकडा टिपला, नवा करार तिच्या नावावर केला, जुन्या बाकीबद्दल बोलणी सुरू केली.

थकबाकी ही बाईची लाज नव्हे. आज घरी जाल तेव्हा एवढेच करा : आपल्या बिलावर नाव कुणाचे आहे, ते वाचा.