मुखपरीक्षा

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत पहांटे गेल्यास चुलीपाशीं एक उग्र वास नाकांत शिरतो. तव्यावर तंबाखू भाजून काळी केलेली असते; ती कुसकरून, बारीक करून डबींत भरली कीं मिश्री तयार झाली. कोणी तिला मिसरी म्हणतात, कोणी मशेरी. घरांतील वडीलधारी स्त्री उंबऱ्याशीं बसून बोटानें ती हिरड्यांवर घोळवीत असते. पाहणाऱ्यास वाटतें कीं ही बाई दांत घाशीत आहे, आणि तिलाहि तसेंच वाटत असतें. आपल्याला तंबाखूचें व्यसन आहे हें तिच्या ध्यानींमनींहि नसतें. "आजी, तंबाखू खातां कां?" असें तपासणाऱ्या वैद्यानें विचारलें, तर "न्हाय रं बाळा" असें उत्तर येतें, आणि तें तिच्या परीनें खोटें नसतें. कऱ्हाडच्या किंवा सांगलीच्या दंतमहाविद्यालयांत मुखरोगांचा अभ्यास करणाऱ्या तरुणाला प्रथम हें शिकावें लागतें कीं, येथें प्रश्नच बदलला पाहिजे. "दांत कशानें घासतां, आणि दिवसांतून किती वेळां?" असें विचारतांच कमरेच्या चंचींतून डबी बाहेर येते.

एवढ्याशा प्रश्नावर इतकी मदार कां, हें समजण्यासाठीं दांत आणि तोंड या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें लक्षांत घेतलें पाहिजे. दांत दुखूं लागला म्हणजे मनुष्य मध्यरात्रीं उठून लवंगेचें तेल शोधतो. गाल, जीभ, टाळू यांच्या आंतील मऊ व ओलसर अस्तराची गोष्ट तशी नाहीं. त्यांतील पुष्कळसे भयंकर फेरफार मुळींच न दुखतां सुरू होतात. सुश्रुतानें मुखरोग पासष्ट मोजले आहेत. आजच्या दंतमहाविद्यालयांत मुखरोगनिदान व क्ष-किरणशास्त्र असा एकच जोडविषय शिकवितात. वरवर पाहतां ही जोडी विजोड वाटते. कारण एकाचें काम डोळ्यांनीं पाहण्याचें व बोटांनीं चांचपण्याचें, तर दुसऱ्याचें काम डोळ्यांना एरव्हीं न दिसणाऱ्या हाडाचें. ही जोडी कां जुळली तें पुढें येईल.

मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखाच्या कर्करोगाच्या, लागोपाठ आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा घेऊन तो १९४४ सालीं प्रसिद्ध केला. परंतु रुग्णालयाची पायरी चढणारा रोगी बहुधा उशिरां आलेला असतो. रोग प्रथम कोणाच्या तोंडांत आणि कोणत्या सवयीमागून उगवतो हें पाहावयाचें, तर खेड्यांतच गेलें पाहिजे. हें काम ज्या संस्थेनें केलें तिचें नांव ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. विश्वकिरण आणि अणु यांच्या संशोधनासाठीं डॉ. होमी भाभा यांनीं स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतच दंतविषयक संशोधनाचा एक विभाग होता. त्या विभागाचे डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांनीं पुणें जिल्ह्यांत घरोघर तपासणी करून १,०१,७६१ खेडुतांचीं तोंडें पाहिलीं, आणि तो वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. एक लक्षाहून अधिक तोंडें! शिरगणतीच्या कारकुनाला लोक दारांतूनच नांव सांगून वाटेस लावतात. येथें तर परक्या माणसापुढें जीभ बाहेर काढावयाची होती. ज्यांनीं ती काढविली त्यांच्या चिकाटीची कल्पना या एका आंकड्यावरून करावी.

तपासणींत जें शोधावयाचें असतें तें दिसावयास अगदीं साधें असतें. गालाच्या आंत किंवा हिरडीच्या कडेला एखादा पांढरट चट्टा. तो पुसला तरी जात नाहीं, आणि दुखत तर नाहींच. वैद्यकांत त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. बहुसंख्य चट्टे कर्करोगाच्या थरास जात नाहींत. परंतु कोणता जाईल हें नुसत्या दृष्टीनें सांगतां येत नाहीं, म्हणून संशय येतांच त्याचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावा लागतो. तंबाखू भाजली म्हणजे तिचें विष जळून जातें अशी एक समजूत खेडोपाडीं आहे. वस्तुतः विष तसेंच राहतें आणि जळकट द्रव्यांची वर भर पडते.

मग उपाय काय? केरळ, आंध्र आणि गुजरात या तीन प्रांतांतील सुमारें छत्तीस हजार तंबाखूसेवकांना याच संशोधकांनीं हातीं धरलें. त्यांना तंबाखू सोडण्याविषयीं वारंवार समजावून सांगितलें, वर्षानुवर्षें त्यांचीं तोंडें पाहिलीं, आणि पूर्वीं पाहिलेल्या, पण असा उपदेश न मिळालेल्या लोकांशीं त्यांची तुलना केली. नवे चट्टे उठण्याचें प्रमाण स्पष्टपणें घटलेलें आढळलें. हा निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. उपदेशाचा कांहीं उपयोग होतो असें आंकड्यांनीं सिद्ध झालेलीं उदाहरणें जगांत फार नसावींत. त्यांपैकीं हें एक.

येथवर ऐकून शहरांतील सुशिक्षित श्रोता मनांत म्हणेल, ही खेड्यांतील गोष्ट आहे. आमच्या घरांत तंबाखूचा स्पर्शहि नाहीं. त्यानें आपल्या दिवाणखान्यांतील पानसुपारीच्या तबकाकडे एकवार पाहावें. पूर्व आफ्रिकेंतील हिंदी वंशाच्या पांच स्त्रियांच्या तोंडांत श्वार्ट्‌झ नांवाच्या वैद्याला १९५२ सालीं एक चमत्कारिक विकार आढळला. तोंडाचें अस्तर आक्रसून तें उघडेनासें झालें होतें. पुढच्याच वर्षीं मुंबईचे डॉ. जोशी यांनीं हाच विकार येथील रोग्यांत वर्णन केला आणि अस्तराखालील तंतुमयता असें त्याचें नामकरण केलें. जगाच्या वैद्यकांत पुढें तेंच रूढ झालें. कांहीं विद्वान् सुश्रुताच्या ग्रंथांत या विकाराचें मूळ दाखवितात. तें असेलहि, पण नांवें जुळवून तोंड उघडत नाहीं.

हा विकार येतो तो चोरपावलानें. वाळव्याकडचा किंवा कोरेगांवाकडचा एखादा पंचविशीचा तरुण डोळ्यांपुढें आणावा. कांदालसणाच्या चटणीवर वाढलेला हा गडी एके दिवशीं ताकभात मागूं लागतो. तिखट सोसत नाहीं, जिभेची व गालाची आग होते. घरचीं माणसें म्हणतात, तोंड आलें आहे, उष्णता झाली असेल. आणि गुलकंद, सब्जा यांवर कांहीं महिने जातात. मराठींत तोंड येणें हा एकच शब्दप्रयोग दोन दिवसांच्या फोडाला आणि जन्माच्या दुखण्याला सारखाच वापरला जातो, हें या रोगाच्या पथ्यावर पडलें आहे. पुढें गालाचें अस्तर संगमरवरासारखें फिकट दिसूं लागतें, बोट फिरविल्यास आंत दोरीसारखे पट्टे लागतात, आणि जांभई देतांना जबडा मध्येंच अडतो. निरोगी माणसाच्या समोरील दांतांमध्यें त्याचीं स्वतःचीं तीन बोटें एकावर एक अशीं उभीं शिरतात. या तरुणाचीं प्रथम दोन शिरतात, मग एक. भाकरीचा तुकडा आमटींत भिजवून कसाबसा आंत सारावा लागतो. आईच्या लक्षांत येतें तें या वेळीं.

याचें कारण सुपारी. तिच्यांतील अरेकोलीन नांवाच्या द्रव्यानें अस्तराखालील तंतूंची निपज वाढते आणि जुने तंतू विरघळण्याची क्रिया मंदावते. तंबाखूचा कणहि नसला तरी हें घडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक असल्याचें २००४ सालीं जाहीर केलें. तेव्हां जेवणानंतर मुलांच्या हातावर सुगंधी सुपारीची चिमूट ठेवणाऱ्या काकांना तंबाखूवर बोलण्याचा अधिकार पोहोंचतो कीं नाहीं, याचा त्यांनींच विचार करावा. गुटख्याच्या पुड्या निघाल्यापासून तर पूर्वीं तुरळक असलेला हा विकार तरुणांत पसरला. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यांतील खेडीं १९६७ च्या सुमारास पाहिलेलीं होतीं. तीं १९९३-९४ सालीं पुन्हां पाहिलीं असतां विकाराचें प्रमाण अनेक पटींनीं वाढलेलें दिसलें, आणि रोग्यांचा मोठा भाग पस्तिशीच्या आंतला निघाला. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली. दुकानदारांनीं सुपारीची पुडी निराळी आणि तंबाखूची निराळी विकावयास घेतली. आक्रसलेलें अस्तर पूर्ववत् होत नाहीं. सुपारी सोडून, व्यायाम व अंतःक्षेपणें देऊन किंवा शस्त्रक्रियेनें पट्टे तोडून तोंड कांहींसें उघडतें, इतकेंच. केरळांतील एर्णाकुलम जिल्ह्यांत अशा ६६ रोग्यांवर सतरा वर्षेंपर्यंत नजर ठेवली होती. त्यांपैकीं पांच जणांना कर्करोग झाला.

आतां क्ष-किरणांकडे वळावयाचें. वरील तरुणाची मागची दाढ किडली आहे असें समजावें. दाढेचा फोटो काढावयाचा तर लहानशी फिल्म तोंडांत घालून ती दाढेमागें धरावी लागते. आणि याच्या तोंडांत तर चमचा जाण्याची मारामार. राँटगेन यांनीं १८९५ च्या नोव्हेंबरांत हे किरण शोधले, आणि दोनच महिन्यांत जर्मनीच्या वॉल्खोफ नांवाच्या दंतवैद्यानें त्यांनीं आपल्या स्वतःच्या दांतांचा फोटो घेतला. त्यासाठीं तो पंचवीस मिनिटें निश्चळ बसला होता. आज सेकंदाचा अल्पसा अंश पुरतो. मात्र फिल्म तोंडांत घालण्याची अडचण बरींच वर्षें राहिली. ती फिनलंडच्या पाटेरो यांनीं सोडविली. त्यांच्या पद्धतींत रोगी स्थिर राहतो, किरणांची नळी त्याच्या डोक्यामागून आणि फिल्म चेहऱ्यासमोरून अशीं दोन्ही एकदम फिरतात, आणि कानापासून कानापर्यंत दोन्ही जबडे एका पट्टीवर उमटतात. ज्याचें तोंड मिटलेलें आहे त्याचा जबडाहि त्यामुळें उघड्यावर येतो. विजोड वाटणाऱ्या त्या जोडीचा मेळ असा बसतो. हिरडीवरील कर्करोग खालचें हाड पोखरीत आहे काय, आणि शस्त्रवैद्यानें जबड्याचा किती भाग काढावा, याचा निर्णयहि अशा चित्रांवांचून होत नाहीं. १९९८ पासून शंकूच्या आकाराच्या किरणझोतानें जबड्याचें लांबी, रुंदी व खोली दाखविणारें चित्रहि घेतां येऊं लागलें आहे.

किरणांच्या भीतीविषयीं दोन शब्द. पहिल्या पिढीनें त्यांची किंमत मोजली. अमेरिकेंतील केल्स नांवाचे दंतवैद्य फिल्म धरतां धरतां हाताचीं बोटें, आणि शेवटीं हातच गमावून बसले. आज दांताच्या एका डिजिटल फोटोंत रोग्याला मिळणारे किरण, भूमि व आकाश यांजकडून प्रत्येकाला एका दिवसांत आपोआप मिळणाऱ्या किरणांइतकेच, किंवा त्याहून कमी असतात. भारतांत अशा यंत्रांवर १९८३ सालीं स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

याहून मोठा धोका निराळाच आहे. "फोटो काढला, कांहीं निघालें नाहीं" असें म्हणून निश्चिंतपणें घरीं परतणारे लोक आढळतात. फोटोंत हाड दिसतें, दांत दिसतो; पांढरा चट्टा दिसत नाहीं, फिकट पडलेला गालहि दिसत नाहीं. त्यासाठीं उजेड, छोटा आरसा आणि दोन बोटें हींच साधनें. वैद्य दोन्ही गाल बाहेर ओढून पाहतो, ओठ उलटवितो, जिभेचें टोंक कापडानें धरून तिच्या दोन्ही कडा आणि खालची जमीन न्याहाळतो, मानेवरील गांठी चांचपतो. सारें पांच मिनिटांत उरकतें. मिश्री लावणाऱ्या आजींना मात्र कवळी काढून ठेवण्यास सांगावें लागतें. त्या पदराआड तोंड करून ती काढतात, आणि मग आरशावरचा उजेड टाळूपर्यंत पोहोंचतो.