परदेशी धागा आणि आपली भाकर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस, दहावी नापास. पगाराची चिठ्ठी वाचता वाचता जे अर्थशास्त्र कळलं, तेवढंच सांगतो.

१९२८ साली मुंबईत गिरणी संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी विचारलं होतं : आमच्या माणसाला विणकाम खात्यात मज्जाव का? तिथे पगार जास्त. पण धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणे बाट होतो! अशा दारातून आपण आत आलो.

पुढे १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. २००१ च्या अखेरीस चीन तिचा सभासद झाला. १ जानेवारी २००५ पासून कापड व्यापारावरचा जुना कोटा उठला.

आमच्या कारखान्याला लगेच टाळं लागलं नाही. आधी रिटायर झालेल्याच्या जागी कायम माणूस भरणं थांबलं. मग ठेकेदार आला. मशीन तेच, पाळी तीच, पगार निम्मा. कराराला बसलो की साहेब म्हणायचे, ‘चीनचा धागा स्वस्त आहे. जास्त ताणाल तर गेट बंद.’ २००९ मध्ये मोहन्याची एनआरसी बंद पडली आणि आमची बोलतीच गेली. परदेशी माल दारात यायच्या आधी त्याच्या भीतीनेच पगार खाल्ला.

मला वाटायचं, सरकारने बाहेरच्या धाग्यावर शुल्क बसवावं. माझे साडू भिवंडीत यंत्रमागावर. ते म्हणाले, ‘साडूभाऊ, धागा महागला की शेठ माग थांबवतो. आमची मजुरी मीटरवर, आम्ही खायचं काय?’ मी गप्प बसलो. दोघांचंही खरं होतं. शुल्काने एकाची भाकर वाचते, दुसऱ्याची करपते. म्हणून नुसत्या शुल्कावर भिस्त ठेवू नका.

मालक ‘स्पर्धा’ म्हणाला की युनियनने ताळेबंद मागावा. धागा खरंच स्वस्त झालाय, की कारखान्याखालची जमीन महाग झालीय?

आणि एक कबुली देतो. ठेक्यावरच्या पोरांना आम्ही कायम कामगारांनी युनियनमध्ये घेतलं नाही. आपला करार आपल्यापुरता केला. पुढे त्यांच्याच कमी पगाराचा दाखला देऊन आमचा पगार अडवला. ज्यांना एके काळी खात्याबाहेर ठेवलं, त्यांच्याच नातवंडांनी दुसऱ्याला दाराबाहेर ठेवलं. तरुणांनो, ही चूक तुम्ही करू नका. आधी शेजारच्या मशीनवरच्याला आपल्यात घ्या, मग मालकाशी बोला.

जयभीम! नमो बुद्धाय!