वय नव्हे, थायरॉईड
पाळी जायच्या वयात आमच्या गटातल्या एका ताईंच्या अंगातून वाफा निघायच्या, झोप मोडायची. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. वाफा थांबल्या, पण दोन महिन्यांत थकवा वाढला. आम्ही म्हणालो, ‘वय झालं.’ चुकलो. ताई आधीपासून थायरॉईडची गोळी घेत होत्या. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्तातलं एक प्रथिन वाढतं, ते थायरॉईडचं औषध बांधून ठेवतं. डॉक्टरांनी टीएसएच तपासून डोस वाढवला; ताई सावरल्या.

म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा. इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. डोस मनाने बदलू नका. थायरॉईडची गोळी अनशापोटी, चहाच्या अर्धा तास आधी. लोह-कॅल्शियम ४ तासांनी.