महानगराचा लाभ आणि त्याचे वाटेकरी



मोठ्या शहरात राहण्याचे फायदे कोणते आणि तोटे कोणते, हा विषय शालेय निबंधाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. एका बाजूला रोजगार, शिक्षण आणि इस्पितळे मांडावीत, दुसऱ्या बाजूला गर्दी, धूर आणि महागाई मांडावी, व शेवटी दोहोंची गोळाबेरीज करावी, अशी ही रीत आहे. परंतु या जमाखर्चात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. जमेची रक्कम कोणाच्या खात्यावर पडते आणि खर्चाची कोणाच्या? तो विचारला की विषय निबंधाचा न राहता अर्थकारणाचा होतो. मुंबईच्या इतिहासात त्याचे उत्तर इतके स्पष्ट आहे की दुसऱ्या शहराकडे वळण्याचे कारण नाही.

शहरांविषयी पुरोगामी चळवळीतच दोन मने आहेत. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहून यंत्रसंस्कृतीवर आघात केला आणि पुढे खेडे हाच स्वराज्याचा पाया मानला. उलट डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणाचा कठोर शब्दांत समाचार घेतला. त्यामागे अनुभव होता. गावच्या पाणवठ्यावर ज्याला उभे राहू दिले जात नव्हते, त्याला शहरातील अनोळखीपणा हेच एक स्वातंत्र्य होते. स्वतः बाबासाहेबांनी परळच्या बी. आय. टी. चाळीत दीर्घकाळ वास्तव्य केले. शहराचा हा लाभ कोणत्याही पगारपत्रकात मोजता येत नाही, आणि खेड्याची गोडवी गाणाऱ्यांनी तो कधी नीट मोजलाही नाही.

अर्थात जात वेशीपाशी थांबली, असे मात्र झाले नाही. गिरणीत विणकामाच्या खात्यात वेतन अधिक मिळे. पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. एकाच मालकाविरुद्ध लढणाऱ्या कामगारांत उष्ट्याचा विटाळ शिल्लक होता, हे विसरून गिरणगावाची स्मरणे आळवण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. शहराचे मोल कोण निर्माण करतो? १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली. त्यानंतरच्या अर्धशतकात कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले. दहा-बारा फुटांच्या खोलीत एकाच गावची पंधरा-वीस माणसे राहत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. त्यांची जेवणे खाणावळवाल्या बायकांनी सांभाळली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करीपर्यंत या बायकांच्या श्रमाची 'उद्योग' म्हणून कोणी नोंदही घेतली नव्हती. गिरणीमालकाला इतक्या कमी वेतनात कामगार मिळत होता, कारण त्याच्या निवाऱ्याचा आणि अन्नाचा बराच भार कामगारांची गावे, कामगारांच्या बायका आणि या खाणावळी वाहत होत्या.

या सर्वांच्या राबण्याने, आणि लोकांच्या करांतून झालेल्या रस्ते, रेल्वे व नळांच्या सोयींनी परळ-लालबागची जमीन मौल्यवान झाली. रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचा आशय एवढाच आहे की जमीनमालक काहीही न करता श्रीमंत होत जातो. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यातही सार्वजनिक सुधारणांमुळे जमिनीच्या किमतीत झालेल्या वाढीतून काही वाटा वसूल करण्याची तरतूद होती. परकीय सरकारला जे कळत होते, ते स्वराज्यातील सरकारांना विसरावेसे वाटले!

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. उरली ती सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती होऊन ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांतून साठलेला खंड एका शब्दाच्या अर्थावरून हस्तांतरित झाला.

त्याचा खर्च कोणी सोसला? गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले आणि हजारो नोकरदार रोज त्याच जुन्या स्थानकांवर उतरू लागले. जमिनीचा नफा मालकाने घेतला, जिना रुंद करण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्या मृत्यूंना अपघात म्हणण्यापूर्वी भोवतालच्या जमिनीचा इतिहास पाहिला पाहिजे.

दुसरा खर्च शहराबाहेर पडतो, म्हणून तो नजरेआड राहतो. मुंबईला तानसाचे पाणी १८९२ पासून मिळते. पुढे भातसाचेही आले. हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईतही पाणी सर्वांना सारखे मिळत नाही. मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी दिले ते गोरेगावच्या नळांसाठी झालेल्या लढ्यातून. आणि अनधिकृत वस्तीतील माणसालाही पाण्याचा हक्क आहे, हे उच्च न्यायालयाला २०१४ साली सांगावे लागले.

या परिस्थितीवर 'लोंढे थांबवा' हा उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत. पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत मानला. माणूस पदपथावर झोपतो तो तेथून काम जवळ असते म्हणून. त्याला हुसकावल्याने शहराची गर्दी कमी होत नाही, त्याची फक्त मजुरी बुडते.

डाव्या पक्षांनी येथे स्वतःचेही परीक्षण करावे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने लक्षावधी भाडेकरूंना संरक्षण दिले, ते योग्यच होते. परंतु १९४० च्या पातळीवर गोठलेल्या भाड्यात इमारतींची दुरुस्ती कोण करणार, याचा विचार वेळीच झाला नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला, तोवर चाळींच्या तुळया खिळखिळ्या झाल्या होत्या. सार्वजनिक पैशाने भाड्याची घरे बांधण्याचा आग्रह सातत्याने धरला असता, तर भाडेकरूचा कैवार केवळ घरमालकाशी भांडण्यापुरता उरला नसता.

गिरणी कामगारांच्या घरांची प्रमुख सोडत २०१२ साली ६,९२५ घरांसाठी निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. त्यानंतरही काही सोडती झाल्या, तरी बहुसंख्य अर्जदार वा त्यांचे वारस अद्याप वाट पाहत आहेत. त्यांच्यापुढे आता शेलू आणि वांगणी येथील घरे ठेवली जात आहेत. ही स्थानके बदलापूरच्याही पलीकडे, कर्जतच्या वाटेवर आहेत. जुलै २०२५ मध्ये हे वृद्ध कामगार आझाद मैदानावर जमले ते मुंबईतच घर मिळावे म्हणून. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील गिरण्यांची काही जमीन आजही शहरात शिल्लक आहे, आणि तिच्यावरील चाळींत माणसे राहत आहेत.