सरळ झालेलं नाक

आपल्या भाषेत नाक हा नुसता अवयव नाही, ते अब्रूचं ठाणं आहे. ते कापलं जातं, मुरडलं जातं, कुणाचं वर होतं तर कुणाचं खाली. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण तर माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या कित्येक मुलींनी घरातच ऐकलेली असते. मी पुण्यात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करतो. शस्त्रक्रिया न करता, केवळ इंजेक्शनने नाकाचा आकार बदलून घेणाऱ्या माणसांना पुढे समाधान लाभतं का, याविषयी आज बोलणार आहे.

या इंजेक्शनात ‘फिलर’ असतं; बहुतेक वेळा हायलुरॉनिक आम्लाची जेल. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये हा पदार्थ गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. आपल्या त्वचेत आणि सांध्यांतही तो असतो. रंगारी भिंतीतला खड्डा लांबी भरून सपाट करतो ना, तसंच हे काम. नाकाच्या दांड्यावर उंचवटा असेल तर त्याच्या वर आणि खाली भर घालायची, की बाजूने रेषा सरळ दिसते. बसकं नाक थोडं उचलता येतं. पण मोठं नाक लहान होत नाही आणि श्वासाची तक्रारही यानं जात नाही. परिणाम बहुधा वर्ष-दीड वर्ष टिकतो.

समाधान मोजायचं कसं? नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी सन २००० च्या सुमारास सहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. नाक तुम्हाला आवडतं का, श्वास नीट घेता येतो का, जवळच्यांना ते आवडतं असं वाटतं का, नाकामुळे चारचौघांत वावरताना अडतं का, असे ते प्रश्न. उत्तरं रुग्णाची, डॉक्टरच्या मताला तिथं जागा नाही. फिलरनंतरही अशाच प्रश्नावल्या वापरतात, आणि पहिल्या काही महिन्यांत बहुतेक माणसं खूश असतात, हा माझाही अनुभव आहे. पण खूश असणं आणि सुखी असणं यांत अंतर आहे. दोन माणसांची गोष्ट सांगतो.

बँकेत नोकरी करणारी एक तरुणी. लहानपणी झोपाळ्यावरून पडून नाकाच्या दांड्यावर उंचवटा आला होता. इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी ती आली आणि नाकाबद्दल काही बोलेचना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘डॉक्टर, परवा भावाच्या लग्नात फोटोला कुठल्या बाजूनं उभं राहायचं, याचा विचारच केला नाही मी.’’ नाक विसरता येणं, हेच तिचं समाधान!

दुसरा कॉलेजातला मुलगा. मोबाइलवर स्वतःचेच शे-दीडशे फोटो घेऊन आला. नाक चांगलं होतं. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगून दिसतं. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत ते सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब मांडला होता. हे मी त्याला समजावलं, पण त्याच्या आग्रहापुढे नमून इंजेक्शन दिलं. आठ दिवस तो आनंदात होता. मग शेंडा खटकू लागला, नंतर नाकपुड्या. त्याची आई म्हणाली, ‘‘नाक छान झालंय हो, पण हा आरशासमोरून हलत नाही.’’ आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवा होता, ही माझी चूक. नसलेला दोष सतत दिसत राहण्याच्या या विकाराला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यावर उपचार आहेत, पण ते सिरिंजमध्ये नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्वचा मरू शकते. क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम ब्युटी पार्लरमध्ये करून घेऊ नका. डॉक्टरकडे ही जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेज हाताशी आहे ना, हे आधी विचारा. इंजेक्शननंतर तीव्र वेदना झाल्या, त्वचा पांढरी पडली किंवा दिसायला अंधुक झालं, तर त्याच क्षणी डॉक्टरकडे जा.

आपल्या पुण्याचा नाकाशी जुना संबंध आहे. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्यात कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक मिळालं. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. कावसजीला गेलेलं नाक परत हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्यांचं नाक जागेवरच असतं. गेलेलं असतं ते दुसरंच काही.

म्हणून हल्ली आई मुलीला घेऊन आली, ‘‘पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत,’’ असं म्हणाली, की मी आईला बाहेर बसायला सांगतो आणि मुलीला विचारतो, ‘‘तुला काय हवंय?’’ मागच्याच महिन्यात एकीनं उत्तर दिलं, ‘‘मला हे नाक चालतं. आईला सांगाल का तुम्ही?’’ मी आईला सांगितलं. त्या दिवशी सिरिंज उघडावीच लागली नाही.